निरंक

सड्यावर रात्री अकरानंतर नेट जरा बरं चालतं.
चित्र वरून खाली उतरतं, पट्टी-पट्टीनं:
आधी आभाळ,
मग एक काळा डोंगर,
मग बर्फ,
आणि सगळ्यात शेवटी, मी चष्मा पुसेपर्यंत,
पेंग्विन.

कुणीतरी तिथल्या खडकात खांब रोवून
कॅमेरा बांधून ठेवलाय.
तासाला एक फोटो. राखण नाही, हजेरीपट नाही.
मोजायचं काम आमच्यासारख्या रिकाम्यांचं:
मोठ्यावर एक टिचकी, पिल्लावर एक,
अंडं दिसलंच तर त्याच्यावर एक.
एकच फोटो दहाजण मोजतात, दहा गावांत बसून,
एकट्याच्या डोळ्यांवर कोण भरवसा ठेवणार?
बरोबरच आहे. मुरगाव बंदरातही आम्ही दोघे असायचो,
एक जहाजाचा, एक मालकाचा,
आणि आकडे जुळेपर्यंत
दोघांचेही डबे बंद.

एकतीस वर्षं टॅली क्लार्क.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
बार्ज जुवारीतून खनिज घेऊन यायचे,
माझे सदरे बायको वेगळ्या बादलीत धुवायची.
म्हणून तर पहिल्याच रात्री ओळखला
त्यांच्या बर्फावरचा तो तांबूस रंग.
भाचीची मुलगी, जिनं हे सगळं लावून दिलं, म्हणाली,
आजोबा, ती विष्ठा आहे,
ते जवळ्यासारखं काहीतरी खातात, आपल्या गालम्यासारखं.
असेल.
पण हजारोंची पोटं जिथं भरतात
तिथली जमीन पांढरी राहत नाही,
हे मला कुणी शिकवायला नको.

शेजारची पिएदाद कधीकधी चहा घेऊन येते,
खुर्ची ओढून बसते.
तिला सांगितलं, हे फोटो गेल्या वर्षीचे.
उन्हाळ्यात एकदाच बोट जाते, कार्डं काढून आणते.
मी आज ज्याच्यावर टिचकी मारली ते पिल्लू
केव्हाच पोहायला लागलं असेल,
नाहीतर नसेलही.
पिएदाद म्हणाली, कुस्तोदियोची पत्रं अशीच यायची.
तारवटी माणूस. तो घरी येऊन जेवायला बसलेला
आणि पोस्टमन त्याचंच ‘लवकर येतो’ घेऊन दारात.
हसायचो आम्ही.
एकदाच पत्र आलं, आणि तो नाही.
चहावर साय धरेपर्यंत ती स्क्रीनकडे बघत राहिली,
मग म्हणाली, त्या डावीकडच्याला विसरलास.

खाणी बंद झाल्या त्या वर्षी
बार्ज नदीत नांगरलेले, गंजत,
त्यांच्या कठड्यांवर पाणकावळे वाळत बसलेले.
आम्ही मात्र पाळीवर.
रजिस्टर उघडायचं, तारीख घालायची,
आणि रकान्यात लिहायचं: निरंक.
नवा साहेब हसला. काही आलंच नाही तर लिहिता कशाला?
म्हटलं, साहेब, रकाना कोरा राहिला
तर क्लार्क झोपला होता.
निरंक म्हणजे कुणीतरी बघत होतं.

आपल्याकडे श्रावण असतो तेव्हा तिथं काळोख.
मग फोटो येतात ते असे:
काचेवर बर्फ. धुकं. पुन्हा धुकं. करडं काहीतरी.
त्यांनी त्यासाठी एक बटण दिलंय: ‘काहीच नाही’.
भाचीची मुलगी म्हणते, असले फोटो भराभर ढकला.
मला ते जमत नाही.
शेवटची पट्टी उतरेपर्यंत थांबतो,
चारी कोपरे बघतो,
मग दाबतो.

काल कॅमेरा कललेला होता, वाऱ्यानं असेल.
सगळ्या फोटोभर आभाळ,
आणि अगदी खालच्या कडेला
एक डोकं. तेही अर्धं. एक डोळा.
नियमांत शोधलं, अर्ध्याचं काही लिहिलेलं नाही.
बाकीचे नऊजण सोडून देतील याला,
सरासरीत तो राहणार नाही.
बोट तसंच धरून बसलो.
पिएदाद कप उचलता उचलता म्हणाली,
घाल रे, घाल,
डोकं आहे म्हणजे खाली पक्षी असणारच.